अमेरिकेच्या दारांतील एकत्र कुटुंब



आज आपल्यापुढें जो विषय मी मांडणार आहें तो इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत सांपडावयाचा नाहीं. परंतु सोलापुरांतील, आणि सोलापुरासारख्याच अनेक शहरांतील, शिकलेल्या घरांच्या कपाटांत मात्र तो सांपडेल. थोरला मुलगा अमेरिकेंत स्थायिक झालेला, त्याच्या मागून आईबापहि तिकडे गेलेले, आणि धाकटा मुलगा अथवा मुलगी येथें आपल्या संसारांत, दोन लेकरांसह, अशी स्थिति आतां अपवादात्मक राहिलेली नाहीं. अशा घरच्या कपाटांत एक कागद जपून ठेवलेला असतो. वृद्ध पित्यानें अमेरिकेचा नागरिक या नात्यानें आपल्या विवाहित अपत्यासाठीं केलेल्या अर्जाची ती पोंच असते, आणि तिच्यावरील तारीख घरांतील सर्वांस पाठ असते. ती तारीख म्हणजे रांगेंतील जागा होय. आईबापांनीं आपल्या मोठ्या झालेल्या, संसारी लेकराला स्वतःजवळ बोलावणें ही जगांतील फार जुनी गोष्ट आहे. तिला कायद्याचें रूप केव्हां आलें, कां आलें, आणि त्या रूपानें आपल्या घरांवर काय परिणाम केला, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

स्थलांतर ही गोष्ट सोलापुरास नवी नाहीं. १८७७ सालीं येथें कापडाची पहिली गिरणी निघाली. १८७६ ते १८७८ हा दक्षिणेंतील मोठ्या दुष्काळाचा काळ. तेलंगणांतून पद्मशाली विणकरांचीं कुटुंबें या शहरांत आलीं तीं कांहीं एका दिवसांत आलीं नाहींत. आधीं एक भाऊ येई, मागांचा आवाज जेथें चालूं आहे अशा वस्तींत खोली धरी. मग बायको, मग मेहुणा, मग म्हातारे आईबाप. निजामाच्या मुलुखांतून ब्रिटिश जिल्ह्यांत येतांना राज्याची हद्द ओलांडावी लागे, पण आजच्या अर्थाचा व्हिसा मध्यें आडवा येत नसे. जामीन लागे तो समाजाचा. नवा माणूस कोणाचा कोण, एवढें सांगणारा एक आप्त गांवांत असला म्हणजे काम भागे. वय किती, लग्न झालें कीं नाहीं, लेकरें किती, हे प्रश्न पंगतीला पानें मांडतांना विचारले जात. वेशीवर विचारले जात नसत.

अमेरिकेचें दारहि एके काळीं आपल्या लोकांस असेंच होतें. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या आणि न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं उतरल्या. कार्पेंटरबाईंचा स्नेह व पत्रें हीच त्यांची हमी होती. १८८६ च्या मार्च महिन्यांत त्या डॉक्टर झाल्या. परंतु ज्या वर्षाच्या मागोमाग हा प्रवास घडला, त्या १८८२ सालींच अमेरिकेंत दोन कायदे झाले होते. एकानें चिनी मजुरांस बंदी केली. दुसऱ्यानें असें ठरविलें कीं, जो मनुष्य स्वतःचें पोट भरूं शकणार नाहीं व सरकारावर भार होईल, त्यास उतरूं द्यावयाचें नाहीं. पहिल्या कायद्यांत वंशाचा विचार होता, दुसऱ्यांत पोटाचा. पुढील सर्व इतिहास या दोन बीजांचा विस्तार आहे, असें म्हटलें तरी चालेल.

वंशाच्या बीजास लवकरच फळ आलें. १९१७ च्या कायद्यानें आशियाच्या नकाशावर एक पट्टा आंखून त्यांतील लोकांस प्रवेशबंदी केली. हिंदुस्थान त्या पट्ट्यांत होता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें गोरा नव्हे, म्हणून तो नागरिक होऊं शकत नाहीं. जो नागरिक होऊं शकत नाहीं त्यास कायमचा प्रवेशहि नाहीं, ही गांठ १९२४ च्या कायद्यानें पक्की मारली. कॅनडांतहि तेंच. जन्मदेशाहून अखंड प्रवास करून आलेल्यांसच उतरूं द्यावयाचें, असा नियम तेथें १९०८ सालीं झाला. आणि तसा अखंड प्रवास घडविणारी बोटच मिळूं नये, अशी तजवीज ठेवण्यांत आली. १९१४ सालीं कोमागाता मारू ही बोट ३७६ उतारू घेऊन व्हँकूव्हरला पोंचली, दोन महिने बंदरांत तिष्ठत राहिली, आणि थोडे उतारू वगळतां तशीच परत पाठविण्यांत आली.

या कोंडींत पहिली फट पडली ती कुटुंबाच्या नांवानें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. जे हिंदी पुरुष आधींच कॅनडांत राहत होते त्यांच्या बायका व अज्ञान मुलें यांस येऊं देण्याची तरतूद १९१९ सालीं झाली. प्रत्यक्षांत फारच थोडीं कुटुंबें येऊं शकलीं. तरी तत्त्व म्हणून एक गोष्ट मान्य झाली कीं, माणसाला प्रवेश देणें आणि त्याच्या घराला बाहेर ठेवणें हें न्यायाचें नव्हे. मात्र घर म्हणजे कोण, याची व्याख्या करण्याचा अधिकार सरकारनें स्वतःकडे ठेवला. बायको आणि अज्ञान मुलें, एवढीच ती व्याख्या. म्हातारे आईबाप आणि मोठा मुलगा तींत नव्हते.

अमेरिकेनें २ जुलै १९४६ रोजीं हिंदी लोकांस नागरिकत्वाचा हक्क दिला आणि वर्षाला १०० माणसांचा वांटा ठरविला. साऱ्या हिंदुस्थानास शंभर! तरीहि दार बंद असणें आणि किलकिलें असणें यांत फरक आहे, व तो फरक पुढें उपयोगीं पडला; कारण आतां हिंदी मनुष्य नागरिक होऊं शकत होता, आणि नागरिक झालेल्यासच पुढें आप्तांस बोलावण्याचा खरा अधिकार मिळावयाचा होता.

तो अधिकार आला १९६५ च्या कायद्यानें. ३ ऑक्टोबर १९६५ रोजीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशीं त्यावर सही केली. देशवार वंशाचे जुने वांटे रद्द झाले आणि त्यांच्या जागीं सात पसंतीक्रम आले. या कायद्याच्या जन्माची कथा मोठी उद्बोधक आहे. सरकारच्या मूळ योजनेंत विद्या व कसब असणाऱ्यांस अग्रस्थान होतें. प्रतिनिधिगृहाच्या संबंधित उपसमितीचे अध्यक्ष, ओहायो प्रांताचे मायकेल फायगन, यांनीं तो क्रम उलटा करून आप्तसंबंधांस अग्रस्थान देवविलें. हिशेब असा होता कीं, देशांतील बहुतेक नागरिक युरोपीय वंशाचे, तेव्हां त्यांचे आप्तहि युरोपांतूनच येतील, आणि लोकसंख्येचा रंग बदलणार नाहीं. पूर्व गोलार्धाच्या १,७०,००० जागांपैकीं शेंकडा ७४ जागा अशा रीतीनें आप्तांकडे गेल्या. चौथा पसंतीक्रम नागरिकांच्या विवाहित मुलामुलींचा होता. त्यास शेंकडा १० जागा, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पति अथवा पत्नी व लेकरें यांसहि प्रवेश. आपल्या कपाटांतील कागदाचा मूळ पुरुष तो हाच.

हिशेब सपशेल चुकला. युरोपांतील लोकांस सुबत्ता आली होती, त्यांना येण्याची निकड राहिली नव्हती. उलट आपल्याकडील डॉक्टर आणि इंजिनियर कसबाच्या पसंतीक्रमांतून गेले, पांच वर्षांनीं नागरिक झाले, आणि मग कायद्याची पानें उलटून आईबापांस, भावंडांस बोलावूं लागले. १९६० सालीं अमेरिकेंत भारतांत जन्मलेलीं माणसें सुमारें बारा हजार होतीं. २०१९ सालीं तीं सव्वीस लाखांहून अधिक झालीं. त्यांत मराठी माणसांचा भाग इतका झाला कीं, निरनिराळ्या गांवच्या महाराष्ट्र मंडळांची शिखरसंस्था म्हणून १९८१ सालीं बृहन्महाराष्ट्र मंडळ उभें राहिलें. घराचा दरवाजा सांभाळण्यासाठीं जी कडी लावली तीच आपल्या हातीं आली, असा हा इतिहासाचा विनोद आहे.

आतां या कडीची रचना नीट पाहूं. अमेरिकेच्या कायद्यांत ‘मूल’ म्हणजे एकवीस वर्षांच्या आंतील अविवाहित अपत्य. एकविसावा वाढदिवस झाला, अथवा अक्षता पडल्या, कीं तें मूल राहत नाहीं. तो केवळ ‘पुत्र’ किंवा ‘कन्या’ होतो, आणि निराळ्या रांगेंत जातो. नागरिकाचा पति, पत्नी, मूल आणि आईबाप यांस संख्येची मर्यादा नाहीं. बाकी सर्वांस आहे. १९९० च्या कायद्यानें विवाहित पुत्र-कन्यांचा क्रम तिसरा केला व त्यास वर्षाला २३,४०० जागा दिल्या, त्याहि साऱ्या जगास मिळून. आणि त्यांत पुत्राची पत्नी व त्याचीं लेकरेंहि मोजलीं जातात. चौघांचें कुटुंब गेलें तर चार जागा गेल्या. कोणत्याहि एका देशास साधारणतः शेंकडा ७ हून अधिक जागा नाहींत. अर्ज करणारे फार, जागा थोड्या. म्हणून या रांगेंत वाट पाहणें दहा वर्षांहून अधिक असतें.

याहून सूक्ष्म एक भेद आहे, तो पुष्कळांस उशिरां कळतो. आईबाप जोंवर केवळ कायमचे रहिवासी, म्हणजे लोक ज्यास ग्रीन कार्ड म्हणतात तें धारण करणारे असतात, तोंवर त्यांस अविवाहित अपत्यासाठींच अर्ज करतां येतो. अर्ज चालूं असतां, आणि आईबाप नागरिक होण्यापूर्वीं, त्या अपत्याचें लग्न झालें तर अर्ज तेथेंच संपतो. आईबाप नागरिक झाल्यावर लग्न झालें तर अर्ज जगतो, फक्त विवाहितांच्या रांगेंत जातो. म्हणजे मुहूर्त पाहतांना पंचांगाबरोबर परक्या देशाच्या कायद्याचें पुस्तकहि उघडावें लागतें.

आणि नागरिक होणें ही तरी सोपी गोष्ट आहे काय? पांच वर्षांचा रहिवास, इंग्रजीची व नागरिकशास्त्राची परीक्षा. इंग्रजीच्या परीक्षेची सवलत मिळते ती वय पंचावन्न व कायम रहिवास पंधरा वर्षें, किंवा वय पन्नास व रहिवास वीस वर्षें, असें असल्यास. म्हणजे साठाव्या वर्षीं गेलेल्या आजीबाईंनीं एक तर पासष्टाव्या वर्षीं इंग्रजींत परीक्षा द्यावी, नाहीं तर पंचाहत्तरीची वाट पाहावी. मीं सारा जन्म मुलांच्या परीक्षा घेतल्या. परंतु सोलापुरांत राहिलेल्या लेकासाठीं अमेरिकेची राज्यघटना घोकणाऱ्या म्हातारीइतका निश्चयी विद्यार्थी मला वर्गांत क्वचितच भेटला असता.

पोटाचें जें दुसरें बीज मीं सांगितलें, त्याचें फळ १९९६ च्या कायद्यांत दिसतें. त्यापूर्वींहि आप्तांच्या पोषणाचें प्रतिज्ञापत्र लिहून घेत, पण न्यायालयें तें केवळ नैतिक वचन मानीत. १९ डिसेंबर १९९७ पासून तें बंधनकारक झालें. आपल्या जुन्या मराठी दप्तरांत दोन प्रकारचे जामीन येतात. माणूस वेळेवर हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीरजामीन; पैका भरण्याची हमी घेणारा तो मालजामीन. १९९७ पूर्वींचा अमेरिकन आप्त या दोहोंपैकीं एकहि नव्हता. त्यानंतरचा मात्र पुरा मालजामीन झाला. अर्जदाराचें उत्पन्न तेथील सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असावें लागतें, आणि तेंहि त्याचें स्वतःचें घर व येणारीं सर्व माणसें एकत्र मोजून. ही जबाबदारी येणारा मनुष्य नागरिक होईपर्यंत, अथवा सुमारें दहा वर्षांच्या कामाच्या चाळीस तिमाह्या त्याच्या खातीं जमा होईपर्यंत चालते. तो कायमचा देश सोडून गेला किंवा मरण पावला तर ती आधींहि सुटते. सत्तर वर्षांच्या बापाला एवढें उत्पन्न कोठून असणार? म्हणून संयुक्त जामीन शोधावा लागतो, आणि तो बहुधा थोरला मुलगाच असतो. अर्ज बापाचा, सही भावाची, आणि जन्मभराचें ओझें भावजयीच्या संसारावर. एकत्र कुटुंबाचा जो आर्थिक भार आपण येथें तोंडीं वाहत होतों, तो तेथें कागदावर आला, इतकेंच. परंतु कागदावर आलेली गोष्ट सही करण्यापूर्वीं घरांत मोकळेपणानें बोलली गेली पाहिजे. भिडेनें दिलेल्या जामिनानें भावाभावांत वितुष्ट येतें, हें सांगावयास परदेशचा कायदा नको.

आतां मी सर्वांत कठीण भागाकडे येतों, तो म्हणजे नातवंडें. अर्ज करतेवेळीं नातू सात वर्षांचा असतो. रांग पुढें सरकते तेव्हां तो मिसरूड फुटलेला कॉलेजांतील विद्यार्थी असतो. एकवीस पुरीं झालीं कीं तो आईबापांच्या अर्जांतून गळतो. आई, बाप आणि धाकटी बहीण यांनीं जावें, आणि त्यानें मागें राहावें! ही विपरीत अवस्था दूर करण्यासाठीं ६ ऑगस्ट २००२ रोजीं एक कायदा झाला. अर्ज मंजूर होण्यास सरकारी कचेरींत जितके दिवस लागले तितके दिवस मुलाच्या वयांतून वजा करावयाचे. अर्जाचा निकाल लागण्यास तीन वर्षें लागलीं असतील, तर जागा उपलब्ध होतेवेळीं तेवीस वर्षांचा नातू वीस वर्षांचा धरला जातो. मात्र तो अविवाहित असला पाहिजे, आणि एका वर्षाच्या आंत पुढील पाऊल टाकलें पाहिजे. परंतु वजाबाकी होते ती कचेरीच्या विलंबाची. रांगेंत उभें राहण्याचीं जीं दहा-बारा वर्षें, त्यांतील एक दिवसहि वजा होत नाहीं.

मग त्या नातवाची जुनी तारीख तरी राखावी कीं नाहीं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एल् साल्व्हादोर देशांतील एका स्त्रीसाठीं तिच्या नागरिक आईनें १९९८ सालीं अर्ज केला होता, तेव्हां त्या स्त्रीचा मुलगा तेरा वर्षांचा होता. २००५ सालीं जागा उपलब्ध झाली, त्याच्या कांहीं महिने आधीं मुलानें एकविसावें ओलांडलें होतें. ९ जून २०१४ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय झाला कीं, अशा नातवास आजीच्या अर्जाची तारीख मिळणार नाहीं. आईनें तेथें गेल्यावर नवा अर्ज करावा आणि त्यानें नव्या रांगेच्या शेवटीं उभें राहावें. न्यायमूर्ति केगन यांनीं मुख्य निकालपत्र लिहिलें, आणि न्यायमूर्ति सोटोमायोर यांनीं विरोधी मत. खटला दूरच्या देशाचा. परंतु त्यांतील आजी, लेक आणि नातू हीं तिन्हीं माणसें आपल्या ओळखीचीं आहेत.

आणखी एक संकट वयाचेंच, पण दुसऱ्या टोंकाचें. अर्ज करणारे आजोबा मधल्या काळांत निवर्तले, तर अर्जहि सामान्यतः त्यांच्याबरोबर जातो. तो दयाबुद्धीनें पुन्हां जिवंत करावा अशी विनंती करतां येते, आणि २००२ च्या एका कायद्यानें मृताच्या जागीं दुसऱ्या जवळच्या आप्तास जामीन राहतां येतें. पण विनंती ती विनंतीच, हक्क नव्हे.

ही रांगच नसावी, असें म्हणणारेहि तेथें आहेत, आणि त्यांचें म्हणणें ऐकून घेणें आपलें कर्तव्य आहे. बार्बरा जॉर्डन यांच्या आयोगानें १९९५ सालीं सुचविलें कीं, पति, पत्नी आणि लहान मुलें यांस आधीं जागा द्याव्या, व प्रौढ अपत्यांचे क्रम रद्द करावे. जें वचन वेळेवर पाळतां येत नाहीं तें देऊं नये, हा त्यांतील विचार अगदींच टाकाऊ नव्हे. २०१३ सालीं सेनेटनें मंजूर केलेल्या विधेयकांत विवाहित अपत्यांस एकतीस वर्षांची वयोमर्यादा घातली होती. प्रतिनिधिगृहानें तें विचारांत घेतलें नाहीं. २०१७ सालींहि असाच प्रयत्न झाला, तोहि फसला. कॅनडांत तर संसारी अपत्यास बोलावण्याची अशी निराळी रांग नाहीं. तेथें अवलंबून असलेलें अपत्य म्हणजे साधारणतः बावीस वर्षांच्या आंतील अविवाहित. उलट मुलानें आईबापांस बोलावलें तर क्युबेक वगळतां त्यास वीस वर्षांची हमी द्यावी लागते.

तेव्हां आपण काय समजावें? प्रत्येक राष्ट्रास आपलें दार राखण्याचा अधिकार आहे, हें आपणहि मानतों. परंतु कोठल्याहि कायद्याला कुटुंबाची व्याख्या करतांना रेघ ओढावी लागते, आणि ती रेघ कोणाच्या तरी अंगणांतून जाते. आपल्याकडे बाप असेपर्यंत पन्नाशीचा मुलगाहि घरांत ‘पोरगा’ असतो. तेथें एकविसाव्या वर्षीं तो नुसता अर्जदार ठरतो. या दोन कल्पनांतील अंतर भावनेनें भरून येणारें नाहीं. तें हिशेबानेंच ओळखावें लागतें. मुलाच्या ग्रीन कार्डापासून पांच वर्षांनीं त्याचें नागरिकत्व, मग आईबापांचें जाणें, आणखी पांच वर्षांनीं त्यांचें नागरिकत्व, आणि त्यानंतर दहा वर्षांहून लांब रांग. वीस-बावीस वर्षांचा हा हिशेब आहे. ज्या नातवंडांसाठीं तो मांडला जातो, त्यांचेंच वय त्यांत सरतें.

म्हणून ज्या घरांत असा अर्ज आहे त्यांनीं दोन गोष्टी कराव्या, असें एक जुना शिक्षक या नात्यानें मला सुचवावेंसें वाटतें. पहिली कागदांची. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा १९६९ चा कायदा १९७० सालीं अंमलांत आला. त्यापूर्वीं जन्मलेल्या पुष्कळांचा पुरावा शाळेच्या दाखल्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे एके काळीं जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलांस शाळेंत घेतांना १ जून ही तारीख लिहिण्याची चालच होती. लग्नानंतर मुलीचें आडनांव, वडिलांच्या जागीं पतीचें नांव, आणि कित्येकदां तिचें स्वतःचें नांवहि बदलतें. तेव्हां ही कन्या याच बापाची, हें दाखविणारे कागद आजोबा हयात असतांनाच जुळवून ठेवावे. दुसरी गोष्ट मनाची. अर्ज असूं द्यावा. परंतु मुलांचें शिक्षण, घराची दुरुस्ती, मुलीचें लग्न, यांपैकीं एकहि गोष्ट त्या तारखेच्या खुंटीवर टांगून ठेवूं नये. ज्या शहरांत तेलंगणचे विणकर आले आणि दोन पिढ्यांत येथलेच झाले, त्या शहरांत राहून केलेला संसार हा कांहीं अर्धा संसार नव्हे.

नातें आईबाप देतात, परवाना सरकार देतें. दोन्हीं एकाच वेळीं हातीं येतील तर आनंद. न येतील तर नातें तरी परवान्याअभावीं झिजूं नये, एवढी काळजी आपल्या हातची आहे.